वारीला ट्रॅक्टर-ट्रॉली नेताना : वाट आणि मुक्काम

(शेतकरी श्रोत्यांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते : विस्तार अधिकारी (कृषी), मुळशी तालुका)



ज्येष्ठ महिना लागला की आपल्या मुळशी तालुक्यात दोन कामांची एकदम घाई उडते. एकीकडे भाताची रोपे वर येत असतात आणि दुसरीकडे वारीची बांधाबांध चाललेली असते. कोणी देहूहून तुकोबारायांच्या पालखीबरोबर निघतो, कोणी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर. पूर्वी दिंडीचे सामान बैलगाडीतून जाई. आज मोठ्या दिंड्यांचे स्वतःचे ट्रक आणि टेम्पो असतात. पण पन्नास-साठ माणसांची लहान दिंडी असली की गावातल्याच कोणाचा तरी ट्रॅक्टर आणि ट्रॉली निघते. मग तीन आठवडे ती ट्रॉली म्हणजेच दिंडीचे कोठार, तेच स्वयंपाकघर आणि पाऊस आला की तेच छप्पर.

शिवारातून शेणखत किंवा भाताचे भारे आणणे वेगळे आणि हीच ट्रॉली भरून सुमारे अडीचशे किलोमीटर नेणे वेगळे. वाटेत पुणे शहराची गर्दी आहे, घाट आहे, चौपदरी रस्ता आहे, काळ्या रानातला मुक्काम आहे आणि वरून पाऊस आहे. म्हणून आज खत-बियाण्याचा विषय बाजूला ठेवून या प्रवासाबद्दल बोलावे असे ठरवले. सगळ्या बोलण्याचे सार आधीच सांगून टाकतो : ट्रॉली ओढणे सोपे, थांबवणे अवघड. म्हणून तिच्यात माल असावा, माणूस नसावा.

1. आधी शेताची सोय लावा

आषाढी एकादशी दरवर्षी एकाच तारखेला येत नाही. 2023 साली ती 29 जूनला आली, 2024 साली 17 जुलैला आणि 2025 साली 6 जुलैला. म्हणजे वारीचे तीन आठवडे कधी रोपांच्या दिवसांत पडतात, तर कधी ऐन लावणीत. पंचांग उघडून प्रस्थानाची तारीख आधी पाहा आणि मग रोपवाटिकेचे ठरवा.

भाताचे रोप साधारण 21 ते 25 दिवसांचे झाले की लावणीला येते. हा हिशेब वारकऱ्याच्या सोयीचा आहे. ज्याच्या घरी मागे करणारे माणूस नाही, त्याने निघण्याआधी दोन-तीन दिवस रोपे टाकली तर परत येईपर्यंत ती लावणीजोगी होतात. ज्याच्या घरी मुलगा किंवा भाऊ मागे आहे, त्याने रोपे दोन टप्प्यांत टाकावीत. पहिला टप्पा घरच्यांनी लावावा, दुसरा आपण आल्यावर लावावा. काही कारणाने रोप जून झालेच, तर त्याला फुटवे कमी येतात. अशा वेळी एका चुडात दोन-तीनऐवजी चार-पाच रोपे लावा.

दुसरी गोष्ट चिखलणीची. गावात एकच ट्रॅक्टर असेल आणि तो वारीला गेला, तर खाचरे कोणी करायची? पॉवर टिलर कोणाचा मिळणार, बैल कोणाचे मिळणार, हे निघण्याआधी बोलून घ्या. नाहीतर मालक पंढरीच्या वाटेवर आणि चित्त खाचरात, अशी गत होते.

2. ट्रॉली थांबत का नाही?

आता ट्रॉलीकडे येऊ. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ब्रेक असतात ते ट्रॅक्टरला आणि तेही फक्त मागच्या दोन चाकांना. पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर वजनाने साधारण दोन टन भरतो. आता मागे काय आहे त्याचा हिशेब करू.

साठ माणसांची दिंडी धरा. माणशी बारा किलोचे गाठोडे, म्हणजे 720 किलो. वीस दिवसांचा शिधा माणशी रोज साडेचारशे ग्रॅम धरला तर 540 किलो. तंबू, बांबू, भांडी, शेगड्या आणि सिलिंडर मिळून तीनशे किलो. पाचशे लिटरची पाण्याची टाकी भरली की पाचशे किलो, कारण पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. बेरीज दोन टनांच्या वर गेली. त्यात रिकाम्या ट्रॉलीचे वजन मिळवा. म्हणजे ओढणाऱ्यापेक्षा ओढले जाणारे जड झाले.

सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. इंजिन ओढते, आपल्याला वाटते ट्रॅक्टरला काहीच जड नाही. पण उतारावर ब्रेक दाबला की ट्रॅक्टर थांबू पाहतो आणि ट्रॉली थांबत नाही. ती मागून ढकलते. रस्ता ओला असेल, वळण असेल, तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर चढते. अडकित्ता मिटावा तसे दोन्ही मिटतात. वेगाचेही असेच आहे. वेग दुप्पट केला तर थांबवायला लागणारे बळ दुप्पट नाही, चौपट लागते. दर ताशी वीस किलोमीटरला जी ट्रॉली आटोक्यात असते, ती चाळीसला नसते.

3. निघण्याआधी आठ दिवस

तपासणी आदल्या रात्री करू नये. काही निघाले तर दुरुस्तीला वेळ राहत नाही. आठ दिवस आधी पुढील गोष्टी पाहा.

पिन आणि साखळी : ट्रॉलीची दांडी ज्या पिनेने ट्रॅक्टरला जोडतो ती पिन झिजलेली नसावी. पहारीचा तुकडा किंवा मोठा बोल्ट घालून काम भागवू नका. पिनेला खालून अडकण घालायलाच हवी, नाहीतर खड्ड्यात आदळून पिन वर उसळते. शिवाय दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत एक मजबूत साखळी जोडा. पिन सुटलीच तर साखळी ट्रॉलीला धरून ठेवते.

ब्रेक : ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेतात बांधाच्या कडेला वळायला ते वेगळे लागतात. रस्त्यावर मात्र दोन्ही पायड्या खिटीने एकत्र जोडल्याच पाहिजेत. एकच पायडी दाबली गेली तर ट्रॅक्टर जागच्या जागी गिरकी घेतो. जोडल्यावर मोकळ्या मैदानात ब्रेक दाबून पाहा. एका बाजूला ओढत असेल तर दुरुस्ती करून घ्या.

चाके : हवा, नट आणि बेअरिंग या तिन्ही गोष्टी पाहा. ट्रॉलीच्या चाकांना वर्षानुवर्षे ग्रीस मिळत नाही, कारण शेतात एक-दोन किलोमीटर जाण्याने काही बिघडत नाही. लांब पल्ल्यात ते बिघडते. ग्रीस भरून घ्या. वाटेत पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरनंतर थांबून चाकाच्या मध्यावर हात लावून पाहा. हात ठेववत नाही इतके तापले असेल तर पुढे जाऊ नका. ट्रॉलीच्या मापाचे जादा चाक, जॅक आणि पाना बरोबर असू द्या.

दिवे आणि रिफ्लेक्टर : मागचा लाल दिवा आणि वळणाचे दिवे चालू असावेत. ट्रॉलीच्या मागे पूर्ण रुंदीभर लाल आणि दोन्ही बाजूंना पिवळी चमकती पट्टी लावा. ताडपत्री खाली लोंबून पट्टी झाकली जाणार नाही, हे पाहा. मागून येणाऱ्या गाडीला तुमची ट्रॉली किती हळू चालली आहे ते कळत नाही, आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

कागद : ट्रॅक्टरची नोंदणी, ट्रॉलीची वेगळी नोंदणी, दोहोंचा विमा आणि चालवणाऱ्याचा परवाना. विम्याच्या कागदावर ट्रॉलीचा उल्लेख आहे का, ते नीट वाचून घ्या. दिंडीच्या वाहनाला पास लागतो. गेली काही वर्षे आषाढीच्या काळात शासन वारकऱ्यांच्या वाहनांना पथकरात सूट देत आले आहे, तीही पास असलेल्या वाहनांनाच. त्या त्या वर्षीचा आदेश काय आहे, ते पोलीस ठाण्यात किंवा आर.टी.ओ. कार्यालयात विचारा.

आणि एक घरगुती गोष्ट. ज्या ट्रॉलीतून वर्षभर खताच्या गोण्या आणि औषधांचे डबे नेले, तीतच आता पीठ-तांदूळ ठेवायचा आहे. ट्रॉली सोड्याच्या पाण्याने घासून धुवा आणि दोन उन्हे द्या. युरियाच्या रिकाम्या गोणीत धान्य भरू नका. औषधाच्या डब्यात पाणी किंवा तेल कितीही धुऊन नेले तरी चालत नाही.

4. सामान भरण्याची रीत

दोनचाकी ट्रॉली ही तराजूसारखी असते. मधला आस हा तिचा काटा. जड सामान आसाच्या मागे गेले तर दांडी वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि ब्रेकची पकड जाते. फार पुढे आले तर चढाला ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी पडतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. म्हणून धान्याची पोती, भांडी आणि टाकी तळाला, आसाच्या किंचित पुढे ठेवा. गाठोडी व अंथरुणे वर आणि मागे ठेवा. ट्रॅक्टर जोडण्याआधी दांडी टेकणीवर ठेवून पाहा. ती स्वस्थ टेकली पाहिजे. आपण होऊन वर उठत असेल तर भरणी चुकली असे समजा.

वीस दिवसांचा सगळा शिधा घरूनच नेण्याची गरज नसते. वाटेत सासवड, लोणंद, फलटण, बारामती, इंदापूर, अकलूज अशी बाजाराची गावे आहेत. आठवड्यापुरते न्यावे आणि पुढे भरत जावे. पाण्याची टाकी वाटेवर अर्धी भरलेली ठेवू नका. अर्ध्या टाकीतले पाणी वळणावर एका अंगाला धावते आणि ट्रॉलीला हिसका देते. टाकी रिकामी न्या आणि मुक्कामावर भरा.

तंबूचे बांबू ट्रॉलीच्या मागे बाहेर येऊ देऊ नका. ताडपत्रीचा सांगाडा फार उंच करू नका. उंच सांगाडा वाऱ्यात डोलतो आणि खेड्यापाड्यांत लोंबणाऱ्या विजेच्या तारांना लागतो.

5. ट्रॉलीत माणसे बसवू नका

आता मुख्य गोष्ट. दिंडीबरोबर चालणारे चालतात. पण प्रस्थानाच्या गावापर्यंत जाताना, कोणाचे पाय सुजले म्हणून, आणि सगळ्यात जास्त म्हणजे परत येताना, माणसे ट्रॉलीत बसतात. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया, पोरे. गावात कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. लग्नाला जातो तसेच वारीला जातो.

1 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तर प्रदेशात कानपूर जिल्ह्यातल्या घाटमपूर भागात देवदर्शनाहून परतणाऱ्या माणसांची ट्रॉली रस्त्याकडेच्या तळ्यात उलटली. 26 माणसे गेली. त्यांत बहुतेक बाया आणि मुले होती. पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच राज्यात कासगंज जिल्ह्यात माघी पौर्णिमेच्या गंगास्नानाला निघालेली ट्रॉली अशीच तळ्यात गेली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. ही सगळी आपल्यासारखी शेतकरी कुटुंबे होती आणि देवाच्याच कामाला गेली होती.

ट्रॉलीत बसायला आसन नाही, धरायला दांडा नाही. ती उलटली की माणसे खाली आणि लोखंड वर अशी स्थिती होते. पाण्यात उलटली तर बाहेर पडायला वाटच नसते. ट्रॉली मालासाठी आहे असे मोटार वाहन कायदाही मानतो. माणसे भरलेली असताना अपघात झाला तर भरपाईसाठी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. दांडीवर पाय ठेवून उभे राहणे आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसणे तर त्याहून वाईट. तिथून घसरलेला माणूस थेट चाकाखाली जातो.

कोणी म्हणेल, "साहेब, एस.टी.ला पैसे लागतात, ट्रॉली तर फुकट जाते." तर तात्या, हिशेब नव्याने करा. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. 65 ते 75 वर्षांच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे पडते. मार्च 2023 पासून सर्व महिलांना निम्मे भाडे झाले. आषाढीला एस.टी. जादा गाड्या सोडते. गावातून पुरेशी माणसे असतील तर आगारात आधी जाऊन गाडीची चौकशी करा. ज्यांना आपण ट्रॉलीत बसवतो, नेमक्या त्याच म्हाताऱ्या माणसांना आणि बायांना एस.टी.त सवलत आहे. आधार कार्ड बरोबर ठेवा म्हणजे झाले.

वाटेत कोणी आजारी पडला तर त्यालाही ट्रॉलीत टाकून नेऊ नका. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. पोलिसांच्या व इतर तातडीच्या मदतीसाठी 112 हा क्रमांक आहे. हे दोन्ही आकडे ट्रॉलीच्या फळीवर रंगाने लिहून ठेवा.

6. वाटेवर आणि घाटात

पौडकडून पुण्यात उतरताना आपल्याला पिरंगुटचा घाट लागतो. तो रोजचा म्हणून सोपा वाटतो. भरलेल्या ट्रॉलीला तो सोपा नाही. घाटाचा जुना नेम असा : ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर टाका, मध्ये बदलू नका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे किंवा क्लच दाबून सोडणे म्हणजे ट्रॉलीच्या हाती लगाम देणे होय. इंजिनने वेग धरून ठेवला की ब्रेकचे काम हलके होते. ब्रेकवर सारखा पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात आणि खऱ्या गरजेला उपयोगी पडत नाहीत.

माउलींच्या वाटेवर पुण्याच्या पुढे दिवे घाट आहे. तिथे 19 नोव्हेंबर 2019 रोजी, कार्तिकी वारीच्या वेळी, ब्रेक निकामी झालेले एक जेसीबी यंत्र आळंदीकडे चाललेल्या नामदेवरायांच्या पालखी सोहळ्यात घुसले. दोन वारकऱ्यांचा प्राण गेला, अनेक जखमी झाले. एका वाहनाचा ब्रेक गेला आणि पायी चालणारी माणसे त्याच्यापुढे सापडली. म्हणून ट्रॉलीवाल्याने एक नियम पाळावा. भरलेली ट्रॉली चालत्या दिंडीच्या मागून कधीही उतारावर न्यायची नाही. पालखी निघण्याआधी पहाटे उजेड फुटताच पुढे जावे, नाहीतर पोलिसांनी सांगितलेल्या वळणमार्गाने जावे. पालखीच्या दिवशी कोणता रस्ता बंद आणि कोणता चालू ते पोलीस आधी जाहीर करतात. ते दिंडीचालकाने आदल्या संध्याकाळी विचारून घ्यावे.

पालखीमार्ग आता पूर्वीसारखे अरुंद राहिलेले नाहीत. नोव्हेंबर 2021 मध्ये दोन्ही मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली आणि बराच रस्ता रुंद झाला. रस्ता रुंद झाला म्हणजे गाड्यांचा वेग वाढला. आपण डाव्या कडेने चालावे. चहासाठी थांबायचे तर डांबरावर थांबू नये, बाजूच्या मुरमावर पूर्ण उतरून थांबावे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला बंदी आहे, हे सर्वांना माहीत असते, तरी कोणी ना कोणी त्यावर शिरतोच. जुलै 2024 मध्ये डोंबिवलीहून पंढरपूरला निघालेली वारकऱ्यांची बस पनवेलजवळ याच मार्गावर एका ट्रॅक्टरवर आदळून खाली कोसळली आणि पाच जण गेले. त्यात आषाढी एकादशी अवघ्या एक-दोन दिवसांवर होती.

रात्री ट्रॅक्टर चालवू नका. पायी दिंडी दिवसाला वीस-तीस किलोमीटर चालते. तेवढे अंतर ट्रॅक्टर दीड-दोन तासांत कापतो. मग अंधारात जाण्याचे कारण काय? ट्रॉली एकच जोडा. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढतात म्हणून वारीलाही तसेच करू नये. गाणी लावून मोठ्या आवाजात चालवू नका. मागच्या गाडीचा भोंगा ऐकू आला पाहिजे.

7. मुक्कामाची जागा

आपण मावळातली माणसे. आपली जमीन मुरमाड, पाऊस उघडला की तासाभरात पाय ठेवू देते. पुढे फलटण, माळशिरस, इंदापूर भागांत बऱ्याच ठिकाणी काळे रान आहे. ती जमीन कोरडी असताना दगडासारखी आणि भिजली की लोण्यासारखी. संध्याकाळी ऐटीत उभी केलेली ट्रॉली रात्री दोन तास पाऊस झाला की सकाळी आसापर्यंत रुतलेली सापडते. म्हणून ट्रॉली नेहमी मुरमावर किंवा टणक माळावर उभी करा. माणसांचे तंबू थोडे आत असले तरी चालतील.

जागा उजेड असतानाच पाहा. ओढ्याच्या पात्रात, बंधाऱ्याच्या खाली, सखल खळग्यात मुक्काम नको. एकट्या झाडाखाली नको, वीज पडते. वर विजेची तार असेल तिथे तर नकोच. ट्रॉलीवर चढून ताडपत्री ओढणाऱ्याचा हात किंवा ओला बांबू तारेला लागला की संपले. ट्रॉली आत घालतानाच तोंड रस्त्याकडे करून लावा, म्हणजे सकाळी गर्दीत मागे घ्यावी लागणार नाही. मागे घ्यायचीच झाली तर एक माणूस बाजूला, चालवणाऱ्याला दिसेल असा उभा राहावा. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये कोणीही, कधीही उभे राहू नये.

उभी केल्यावर ट्रॉलीच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून दगडाची किंवा लाकडी ठोकळ्याची उटी लावा. दांडीखाली टेकण द्या. ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवून किल्ली काढा. हायड्रॉलिक ट्रॉली असेल तर ती खाली बसवून तिची नळी सोडवून ठेवा, म्हणजे रात्री पोराने खेळता खेळता दांडा ओढला तरी ट्रॉली उचलणार नाही.

दुसऱ्याच्या शेतात मुक्काम करायचा तर मालकाला आधी विचारा. आपण शेतकरी आहोत, पेरलेल्या रानाचे मोल आपल्याला सांगायला नको. ओल्या रानातून एकदा चाक गेले की तिथली माती दडपते, आणि तो पट्टा पुढच्या पिकातही वेगळा दिसतो. सकाळी निघताना पत्रावळ्या, प्लॅस्टिक आणि चुलीची राख गोळा करून जागा होती तशी करून द्या. पुढच्या वर्षी तोच मालक आपण होऊन बोलावील.

8. चूल, पाणी आणि अंथरूण

स्वयंपाक ट्रॉलीत ताडपत्रीखाली करू नका. पाऊस असला तरी वेगळे पाल टाका. सिलिंडर उभाच ठेवा आणि शेगडीपासून नळी पुरेल तितका लांब ठेवा. डिझेलचा डबा चुलीपासून दूर, ट्रॅक्टरच्या बाजूला असावा. एक बादली वाळू आणि एक बादली पाणी चुलीजवळ हवे.

वारीत माणूस चालण्याने दमतो, पण आजारी पडतो तो पाण्याने. टँकरचे किंवा विहिरीचे पाणी उकळून प्या. साठ माणसांचे उकळणे जमत नसेल तर आरोग्य पथकाकडून पाणी शुद्ध करायचे औषध घ्या आणि ते सांगतील त्या मापाने टाका. जुलाब लागल्यास मीठ-साखरेचे पाणी सुरू करून लगेच पथक गाठा. शौचासाठी मुक्कामाच्या गावी फिरती शौचालये उभी असतात, तीच वापरा. ओढ्याकाठी बसलेल्याची घाण खालच्या गावाच्या पाण्यात जाते.

झोपण्याबद्दल एवढेच सांगतो : ट्रॉलीखाली कोणीही झोपू नये. पाऊस आला की माणूस साहजिकच तिथे सरपटतो. पण चाक रुतले, उटी सरकली किंवा पहाटे घाईत कोणी ट्रॅक्टर सुरू केला, तर खाली कोण आहे ते कोणालाच कळत नाही. चालवणाऱ्याने रोज सकाळी किल्ली लावण्याआधी ट्रॉलीभोवती एक फेरी मारून खाली वाकून पाहावे. प्रदक्षिणाच समजा ना. त्याच फेरीत पिन, साखळी, चाके आणि दिवे पाहून होतात.

चालवणाऱ्याची झोप ही दिंडीची जबाबदारी आहे. दिवसा ट्रॅक्टर, संध्याकाळी स्वयंपाकाला मदत आणि रात्री जागर, असे तीनही त्याच्यावर टाकू नका. शक्य तर परवाना असलेले दोघे जण न्या. अठरा वर्षांखालच्या पोराच्या हाती स्टिअरिंग देऊ नका, मग तो शेतात कितीही चांगला चालवत असो.

9. पंढरपूर आणि परतीची वाट

पंढरीत ट्रॉली चंद्रभागेच्या वाळवंटात नेऊ नका. वरच्या बाजूला उजनी धरण भीमेवर आहे आणि वीर धरण नीरेवर. नीरा पुढे भीमेलाच मिळते. पावसात या धरणांतून पाणी सोडले की इथे ऊन पडलेले असले तरी पात्र भरत जाते. दिंड्यांसाठी भक्तिसागर म्हणजे 65 एकराचा तळ आहे. तिथे किंवा प्रशासन दाखवील तिथे जागा घ्या.

शेवटी परतीचे. जाताना वीस दिवस लागलेली वाट परतताना एका रात्रीत काढायची, ही आपली खोड. एकादशी झाली, द्वादशीचे पारणे झाले, घरी लावणी खोळंबली आहे, म्हणून संध्याकाळी ट्रॅक्टर सुरू होतो. ताशी वीसच्या वेगाने पौड गाठायला न थांबता बारा तास लागतात. चालवणारा एकादशीच्या रात्री जागलेला, सामान कसेतरी कोंबलेले, आणि दमलेली माणसे वर चढून बसलेली. वारीतल्या सगळ्या चुका या एका रात्रीत एकत्र येतात. म्हणून परतीचे दोन दिवस धरा. पहिल्या दिवशी निम्म्या वाटेवर मुक्काम करा. माणसांना एस.टी.त बसवून द्या, ट्रॉली मागून सावकाश येऊ द्या. लावणी एक दिवस मागे पडली तर भात कमी होत नाही.

लक्षात ठेवा

• ट्रॉलीत फक्त सामान. माणसे पायी किंवा एस.टी.ने.
• दोन्ही ब्रेक पायड्या खिटीने जोडलेल्या, पिनेला अडकण, वर साखळी.
• जड सामान तळाला, आसाच्या किंचित पुढे. पाण्याची टाकी वाटेत रिकामी.
• चढाच्याच गिअरमध्ये उतार. न्यूट्रल नाही.
• चालत्या दिंडीच्या मागून भरलेली ट्रॉली उतारावर न्यायची नाही.
• अंधारात प्रवास नाही. मागे लाल दिवा आणि चमकती पट्टी.
• मुक्काम मुरमावर. चाकांना उटी, वर तार नाही, ट्रॉलीखाली कोणी नाही.
• रोज सकाळी निघण्याआधी ट्रॉलीला एक फेरी.
• परतीला दोन दिवस.

हे पत्रक दिंडीचालकाला वाचून दाखवा आणि शेवटची यादी ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या खिशात राहू द्या. रोपवाटिकेच्या तारखा ठरवताना काही अडले तर पौडला पंचायत समितीत येऊन भेटा. वारी सुखरूप होवो.

रामकृष्णहरी.